लस टोचणारे हात

१६ जानेवारी २०२१ रोजी, शनिवारी, भारतातील ३,००६ केंद्रांवर कोविड-१९ या रोगाविरुद्धच्या लसीकरणास आरंभ झाला. लसीकरण या देशाला नवीन नव्हते. देवीचा रोग लसीच्या बळावरच हद्दपार झाला होता. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या शनिवारी नवीन काही असेल, तर ते लस घेण्यासाठी खुर्चीवर बसलेले माणूस. एरवी तान्ह्या बाळाच्या मांडीत सुई टोचणारी, रडणाऱ्या मुलाची समजूत घालणारी परिचारिका त्या दिवशी स्वतःच बाही वर सरकवून बसली होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पहिली लस घेणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. तेथील एक सफाई कर्मचारी होती.

प्रत्येक केंद्रावर साधारण शंभर, म्हणजे देशभरात सुमारे तीन लाख आरोग्यकर्मींना पहिल्या दिवशी लस देण्याचे योजले होते. सायंकाळी जाहीर झालेला आकडा सुमारे १ लाख ९१ हजारांचा होता. या तफावतीची काही कारणे अगदी साधी होती. नोंदणीची संगणकीय व्यवस्था अनेक ठिकाणी रखडली, संदेश वेळेवर पोहोचले नाहीत. गर्भवती व स्तनदा मातांना त्या वेळी लस द्यावयाची नव्हती, आणि परिचारिकांमध्ये तरुण स्त्रियांची संख्या मोठी असते. परंतु एवढ्याने सारा उलगडा होत नाही. नाव यादीत असूनही ‘आज नको, पुढच्या आठवड्यात पाहू’ असे म्हणणारेही होते. ज्यांनी आयुष्यभर इतरांना लस दिली, त्यांचेच पाऊल का अडखळले? ‘अज्ञान’ हे उत्तर येथे लागू पडत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे.

चिंतेचे एक वर्ष

भारतातील पहिला कोविडरुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून देशात टाळेबंदी सुरू झाली. सर्वांना घरात राहण्याचा आदेश होता. आरोग्यकर्मींना मात्र घराबाहेर पडणे भाग होते. ‘आरोग्यकर्मी’ या शब्दात केवळ डॉक्टर येत नाहीत. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक, कपडे धुणारा, शव गुंडाळणारा, गावात दारोदार फिरून तापाच्या रुग्णांची नोंद करणारी आशा कार्यकर्ती हे सारे त्यात येतात.

या माणसांच्या दिवसाचे स्वरूप पाहिले, म्हणजे त्यांच्या मनाची अवस्था समजू लागते. संरक्षक पोशाख एकदा चढविला की सहा-सहा तास पाण्याचा घोटही घेता येत नसे. चष्म्यावर वाफ धरे आणि शीर शोधणे कठीण होई. पाळी संपल्यावर कित्येकजण घरी न जाता वसतिगृहात किंवा हॉटेलच्या खोलीत राहत. घरच्यांचे दर्शन दूरध्वनीच्या पडद्यावर होई. रुग्णाला वाचविण्याची काळजी एकीकडे आणि आपल्या कपड्यांवरून, आपल्या श्वासातून हा विषाणू घरातील वृद्ध आईपर्यंत जाईल काय, ही धास्ती दुसरीकडे. २२ मार्च २०२० रोजी देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवून या लोकांचे आभार मानले. त्यानंतरच्या काही आठवड्यांतच घरमालकांनी परिचारिकांना खोल्या रिकाम्या करावयास सांगितल्याच्या वार्ता येऊ लागल्या. एप्रिलमध्ये चेन्नई येथे कोविडने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरच्या दफनास जमावाने हिंसक विरोध केला. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाला अध्यादेश काढून आरोग्यकर्मींवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद करावी लागली. भारतीय वैद्यक संघटनेच्या नोंदीनुसार साथीच्या पहिल्या लाटेत सातशेहून अधिक डॉक्टरांचा मृत्यू झाला. परिचारिका, सफाई कर्मचारी आणि रुग्णवाहिकाचालक यांच्या मृत्यूंची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

भीती आणि चिंता हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. मानसशास्त्र त्यांत भेद करते. भीतीला समोर काहीतरी असावे लागते. साप दिसला की भीती वाटते, तो निघून गेला की ओसरते. चिंतेचे तसे नाही. ती पुढे काय होईल या कल्पनेवर पोसते आणि कारण दूर झाल्यावरही मनात रेंगाळते. झोप न लागणे, छातीत धडधडणे, क्षुल्लक गोष्टीवरून चिडणे, हातातील कामावर लक्ष न ठरणे ही तिची लक्षणे होत. तिचे मापन करण्यासाठी सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढेच ती विचारते आणि उत्तरांना शून्य ते एकवीस असे गुण देते. साथीच्या काळात अनेक देशांतील रुग्णालयांनी आपल्या कर्मचाऱ्यांपुढे ही प्रश्नावली ठेवली. अशा थकलेल्या, वर्षभर सावध राहिलेल्या मनापुढे जानेवारी २०२१ मध्ये लस आली. तिने चिंता मिटावयास हवी होती. काही काळ तरी तिने चिंतेत भरच घातली.

जाणत्यांची शंका

लस तयार होण्यास किती काळ लागतो, हे आरोग्यकर्मींना ठाऊक होते. गालगुंडाची लस १९६० च्या दशकात सुमारे चार वर्षांत तयार झाली, आणि तोच दीर्घकाळ वेगाचा उच्चांक मानला जात होता. कोविडची लस वर्षभरातच हाती आली. या वेगामागे कारणे होती. याच कुळातील विषाणूंवर आधी झालेले संशोधन तयार होते, पैसा तत्परतेने उपलब्ध झाला, आणि चाचण्यांचे टप्पे एकापाठोपाठ एक न घेता काही अंशी एकाच वेळी घेतले गेले. परंतु ही कारणे ज्याला कोणी समजावून सांगितली नाहीत, त्याला तो वेग घाईसारखा भासणे स्वाभाविक होते.

३ जानेवारी २०२१ रोजी भारतात दोन लसींना आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. ऑक्सफर्ड विद्यापीठ व अ‍ॅस्ट्राझेनेका यांनी विकसित केलेली ‘कोविशील्ड’ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होत होती. ‘कोव्हॅक्सिन’ ही हैदराबादच्या भारत बायोटेकने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने बनविली होती. तिच्यासाठीचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत वेगळा करण्यात आला होता. यांपैकी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २५,८०० स्वयंसेवकांवर चालू होती. ती किती परिणामकारक आहे याचे आकडे तोवर हाती आलेले नव्हते. म्हणून ती घेणाऱ्याकडून वेगळे संमतिपत्र भरून घेतले जाई. लसीकरणाच्या पहिल्याच दिवशी दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी आपल्या अधीक्षकांना पत्र लिहून, आम्हांस दुसरी लस द्यावी, अशी विनंती केली.

या पत्रावर टीका झाली. डॉक्टरच मागे सरले तर सामान्य माणसाने कोणाकडे पाहावे, असे विचारले गेले. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. परंतु ती पुरती न्याय्यही नव्हती. त्या डॉक्टरांनी लस नाकारली नव्हती, पुरावा मागितला होता. आणि औषध देण्यापूर्वी पुरावा मागावा हेच तर त्यांना महाविद्यालयात शिकविले गेले होते. ३ मार्च २०२१ रोजी कोव्हॅक्सिनचे अंतरिम निष्कर्ष जाहीर झाले. त्यांत परिणामकारकता ८१ टक्के होती. जुलैतील अंतिम विश्लेषणात ती ७७.८ टक्के ठरली. लस चांगली निघाली. तरीही जानेवारीत विचारलेला प्रश्न चुकीचा होता, असे त्यावरून ठरत नाही. उत्तर सात आठवडे आधी असते, तर कदाचित प्रश्नच उद्भवला नसता.

ग्रामीण भागातील आरोग्यसेविकांची अडचण याहून वेगळी होती. पोलिओच्या मोहिमेत ज्यांनी बंद दारांपुढे उभे राहून ‘बाई, काही होत नाही, मी जबाबदार आहे’ असे सांगितले होते, त्यांना आता तेच वाक्य ऐकावयाचे होते. ते सांगणे सोपे नसते, हे त्या जाणत होत्या. ऐकणेही सोपे नसते, हे त्यांना प्रथमच कळत होते.

मुंबईची जुनी साथ

आरोग्यकर्मी, साथ आणि नवी लस यांची अशी गाठ भारतात पूर्वीही पडली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी प्लेगचे निदान केले. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. शहरात पळापळ झाली आणि रुग्णालयांविषयी भयंकर अफवा पसरल्या. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या रुग्णालयावर हल्ला केला. हेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते, आणि २०२० मध्ये मुंबईतील पहिल्या कोविडरुग्णांची व्यवस्था येथेच करण्यात आली. २०२० च्या अध्यादेशाने ज्या कायद्यात दुरुस्ती केली, तो साथरोग कायदाही त्या प्लेगच्या धामधुमीत, १८९७ मध्येच, झालेला होता.

त्याच ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हे शास्त्रज्ञ पटकीच्या लसीसाठी १८९३ पासून भारतात होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली व एक ओसरी, तसेच एक कारकून आणि तीन शिपाई एवढी सामग्री मिळाली. सुमारे तीन महिन्यांत त्यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिची पहिली मात्रा त्यांनी स्वतःला टोचून घेतली. तीही पुढे इतरांना दिलेल्या मात्रेहून बरीच मोठी. त्यांना ताप आला, जागा दुखली, आणि ते बरे झाले. नंतर महाविद्यालयातील काही जण पुढे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात लसीची चाचणी झाली.

त्या लसीची कुपी सर्वांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागणार होता. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्यासह प्लेगच्या रुग्णांची सेवा चालविली होती. रुग्णांना दवाखान्यात आणता आणता त्यांना रोगाचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतल्याला तेव्हा दोन महिने झाले होते.

मुलकोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मरण पावले. पाच बाटल्या वापरल्या गेल्या होत्या; मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. चौकशीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेकडे वळविला आणि हाफकिन यांना पदापासून दूर व्हावे लागले. पुढे तपशील तपासता वेगळेच दिसले. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. सर रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

म्हणजे लस निर्दोष होती, आणि तरीही १९ माणसे मेली, ही दोन्ही विधाने खरी आहेत. लस टोचणाऱ्याला ही गोष्ट विसरून चालत नाही. जमिनीवर पडलेला चिमटा त्याच्याच हातातला असतो. ‘लसीने काहीही होत नाही’ हे वाक्य म्हणूनच त्याच्या तोंडून सहजासहजी निघत नाही, निघूही नये. धोका आहे काय, असल्यास किती, आणि तो रोगाच्या धोक्यापेक्षा मोठा की लहान, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते.

कोविशील्डच्या बाबतीत असाच प्रसंग आला. मार्च २०२१ पासून युरोपात या लसीनंतर क्वचित रक्ताच्या गुठळ्या होत असल्याचे लक्षात आले. भारतातील तज्ज्ञ समितीने मे महिन्यात आपल्याकडील नोंदी तपासून जाहीर केले, की असा संभव असलेली २६ उदाहरणे आढळली असून त्यांचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके आहे. शून्य नव्हे, परंतु फार थोडे. त्या वेळी देशात रोज काही हजार माणसे कोविडने मरत होती. आकडा दडविला असता, तर तो अफवेच्या रूपाने शतपट होऊन परतला असता.

सुई आणि मन

शंका बुद्धीतून येते, तशी शरीरातूनही येते. सुई पाहून काहींचा रक्तदाब एकाएकी उतरतो, नाडी मंदावते, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकाला भोवळ आलेली पाहून रांगेतील दुसऱ्यालाही तसेच होऊ लागते. श्वास भराभर घेतल्याने बोटांना मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या म्हणून श्वास अधिकच वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा साऱ्या प्रतिक्रियांना ‘लसीकरणाच्या ताणातून उद्भवणारी प्रतिक्रिया’ असे नाव दिले आहे. ही लक्षणे खोटी किंवा नाटकी नसतात. त्यांचे कारण कुपीतील द्रवात नसते, एवढेच. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवण्याच्या नियमाचा एक उपयोग येथेही झाला. तीव्र अ‍ॅलर्जी वेळीच ओळखावी हा त्याचा मुख्य हेतू. पण त्या अर्ध्या तासात शेजारी बसलेल्या सहकाऱ्याशी दोन शब्द बोलून कित्येकांचा ताण ओसरला असेल.

अपेक्षेचा शरीरावर किती परिणाम होतो, याचा एक विलक्षण पुरावा लसींच्या चाचण्यांतच मिळाला. चाचणीत निम्म्या लोकांना लस, तर इतरांना मिठाच्या पाण्यासारखे निरुपद्रवी द्रव्य देतात. कोणाला काय मिळाले हे त्यांना कळू दिले जात नाही. अशा १२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निरुपद्रवी द्रव्य घेतलेल्यांपैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा यांसारख्या तक्रारी सांगितल्या होत्या. अर्थात लस घेतलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. ताप येणे, अंग दुखणे हे लसीचे खरे परिणामही असतातच, आणि ते आधी सांगितलेले असले, की रात्री ताप चढल्यावर माणूस घाबरत नाही.

वेल्लोरची नोंद

आठवड्यांमागून आठवडे गेले, तसा आरोग्यकर्मींचा संकोच कमी होत गेला. वरिष्ठांच्या परिपत्रकापेक्षा शेजारच्या पाळीतील परिचारिका लस घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर आलेली दिसणे अधिक उपयोगी पडले असावे. १३ फेब्रुवारीपासून दुसरी मात्रा सुरू झाली, आणि १९ फेब्रुवारीपर्यंत देशात दिलेल्या मात्रांची संख्या एक कोटीवर गेली. त्यानंतर दोन महिन्यांतच दुसरी लाट आली. प्राणवायूसाठी वणवण, रुग्णालयांबाहेर थांबलेल्या रुग्णवाहिका, अहोरात्र जळणारी स्मशाने हे त्या एप्रिल-मे महिन्यांचे चित्र. याही लाटेत शेकडो डॉक्टर गेले.

तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने या काळात आपल्याच कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली. तेथील १०,६०० कर्मचाऱ्यांपैकी ८,९९१ जणांनी जानेवारी ते एप्रिल २०२१ या काळात लस घेतली होती, बहुतेकांनी कोविशील्ड. दोन मात्रा घेतलेल्यांना संसर्गापासून ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, प्राणवायूची गरज लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. लस न घेतलेल्यांशी केलेली ही तुलना होती. संसर्ग पूर्णपणे टळला नव्हता, हेही या आकड्यांतच दिसते. लस घेऊनही कित्येकजण तापाने पडले; परंतु त्यांतील फार थोड्यांना कृत्रिम श्वासयंत्रापर्यंत जावे लागले. जानेवारीत जो पुरावा मागितला जात होता, तो आता आरोग्यकर्मींच्या स्वतःच्याच हजेरीपटावरून तयार झाला होता.

विषाणूने पुन्हा रूप पालटले आणि ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा आरोग्यकर्मी, आघाडीवरील कर्मचारी आणि व्याधिग्रस्त वृद्ध यांना तिसरी, खबरदारीची मात्रा देण्याचे ठरले. दुसऱ्या मात्रेस नऊ महिने झालेल्यांना ती मिळणार होती. म्हणजे जे सर्वांत आधी खुर्चीवर बसले, त्यांचीच पाळी पुन्हा प्रथम आली. ही मात्रा देण्यास १० जानेवारी २०२२ रोजी आरंभ झाला. हाफकिन यांनी ग्रँट महाविद्यालयाच्या त्या एका खोलीत स्वतःला लस टोचून घेतली, त्याला त्या दिवशी बरोबर १२५ वर्षे पूर्ण झाली होती.